लष्करी निस्सान वन-टनचे इंजिन बदलावे की जुनेच पुन्हा उभे करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील एका गृहस्थांनी लष्कराच्या लिलावातून बाहेर पडलेली निस्सान वन-टन कॅरियर ही मालवाहू गाडी तिच्या दुसऱ्या मालकाकडून विकत घेतली आहे. गाडी कळव्याला खाडीच्या बाजूस तीन पावसाळे उघड्यावर उभी होती. इंजिन जाम आहे, सेल्फ मारला की नुसता ‘टक’ असा आवाज येतो आणि फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचे जड चाक) जागचे हलत नाही. एका मेकॅनिकने त्यांना टाटा ४०७ चे डिझेल इंजिन टाकून दोन आठवड्यांत गाडी रस्त्यावर आणतो, असे सांगितले आहे. मुरबाडजवळच्या शेतावर जाणे-येणे आणि वर्षातून चार-सहा वेळा माळशेज घाट, एवढाच वापर अपेक्षित आहे. कोणते डिझेल इंजिन बसवावे, असे त्यांनी विचारले आहे.

वागळे इस्टेटमधील माझ्या वर्कशॉपमध्ये मी जवळजवळ तीस वर्षे जोंगा, वन-टन आणि शक्तिमान या लष्करी गाड्यांची कामे करत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की, कोणते इंजिन बसवावे हा प्रश्न तुम्ही एक पायरी आधीच विचारला आहे. जाम झालेले इंजिन म्हणजे मेलेले इंजिन नव्हे, आणि या गाडीत मूळ इंजिनाच्या जागी दुसऱ्या जातीचे इंजिन बसवण्याचा खरा खर्च इंजिनाच्या किमतीत नसून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या वीतभर जागेत दडलेला असतो. म्हणून आधी आहे ते इंजिन उघडावे, मोजावे आणि मगच ठरवावे.

तुमच्या गाडीत जे इंजिन आहे ते निस्सानचे ‘पी’ मालिकेतील सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५.७ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ११४.३ मिलिमीटर आणि एकूण क्षमता ३९५६ सीसी. जबलपूरला बनलेल्या जोंगातही हेच इंजिन होते. बोअरपेक्षा स्ट्रोक बराच मोठा असल्यामुळे हे इंजिन कमी फेऱ्यांवर शांतपणे ओढते. हजार-बाराशे फेऱ्यांवर गाडी चढाला लागली तरी ते धापा टाकत नाही. या गाडीचा गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि दोन्ही अॅक्सल याच स्वभावाच्या इंजिनासाठी आखलेले आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सोपे होतात.

जाम सोडवण्याचे काम घाईने करू नये. प्रथम बॅटरी काढावी आणि गाडीला दुसऱ्या गाडीने ओढून गिअरमध्ये चालू करण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नये, कारण तसे केल्यास रिंगा तुटतात किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे इंजिन होनिंगवर (सिलिंडर आतून हलकेच घासण्यावर) निभावले असते त्याला नवे लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) घालावे लागतात. सहाही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल निम्मे-निम्मे मिसळून अर्धी वाटी ओतावे आणि किमान आठ दिवस तसेच ठेवावे. रोज थोडे तेल पुन्हा घालावे. त्या काळात टॅपेट कव्हर उघडून रॉकर शाफ्ट उतरवून ठेवावा. याचे कारण असे की, पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत पिस्टनइतकेच वाल्व्हही त्यांच्या गाइडमध्ये चिकटतात, आणि रॉकर जागेवर असताना क्रँक फिरला तर पुशरॉड वाकतात. नंतर फ्लायव्हीलच्या दातांत लांब पहार अडकवून पुढे-मागे, पुढे-मागे अशी हळूहळू हालचाल द्यावी. एका दिशेने जोर लावून सुटत नाही ते दोन्ही दिशांनी थोडेथोडे हलवल्याने सुटते. माझ्याकडे आलेल्या जाम ‘पी’ इंजिनांपैकी बहुतेक या पद्धतीने सुटलेली आहेत.

फ्लायव्हील सुटले म्हणजे इंजिन वाचले असे मात्र नाही. हेड उतरवून बोअर डोळ्यांनी पाहावे आणि बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी, दोन दिशांनी मोजावे. पिस्टन जिथे थांबला होता तिथे गंजाचा पट्टा दिसतो. नखाला लागणार नाही इतका तो उथळ असेल तर होनिंग पुरते. नख अडकत असेल तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन किंवा लायनर घालावे लागतील. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने मोजावेत. झीज असेल तर पाव, अर्धा किंवा पाऊण मिलिमीटर कमी करून क्रँक ग्राइंड करता येतो. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि हेड फेसिंग ही तिन्ही कामे चांगल्या प्रकारे करणारी दुकाने ठाण्यात, रबाळ्यात आणि तुर्भ्याला आहेत, त्यामुळे यासाठी कोठे लांब जावे लागत नाही. ब्लॉकला पाण्याच्या जॅकेटमध्ये तडा असेल तर मात्र मी पुढे खर्च करण्याचा सल्ला देणार नाही. म्हणून बोअरिंगला पैसे देण्याआधी ब्लॉक प्रेशर टेस्ट करून घ्यावा. हा क्रम उलटा झाल्याने पैसे वाया गेलेले मी अनेकदा पाहिले आहेत.

पेट्रोल इंजिन ठेवायचे ठरले तर दोन गोष्टी नव्या काळाप्रमाणे बदलाव्याच लागतील. आपल्या देशात २००० सालापासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल मिळते. शिसे होते तोवर ते वाल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये एक पातळ गादीसारखे काम करत असे. सीट थेट हेडच्या बीडमध्येच कापलेल्या असतील तर एक्झॉस्ट वाल्व्ह हळूहळू आत खचत जातात, टॅपेटचा गॅप कमी होतो आणि एके दिवशी कॉम्प्रेशन उतरते. हेड फेसिंगला गेलेच आहे तर एक्झॉस्टच्या जागी कठीण सीट इन्सर्ट बसवून घ्यावेत. दुसरी गोष्ट इथेनॉलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते. जुन्या रबरी पाइपांना, पंपाच्या डायफ्रॅमला आणि कार्ब्युरेटरच्या सीलना ते मानवत नाही, शिवाय गाडी महिनाभर उभी राहिली तर ते हवेतील ओलावा ओढून घेते. इंधनाचे सगळे पाइप इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घालावेत, टाकी आतून साफ करून घ्यावी आणि गाडी शेतावर बराच काळ उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

ब्लॉकच निकामी निघाला तर दुसरा पर्याय म्हणजे याच जातीचे दुसरे इंजिन. जोंगाचे किंवा मोडीत निघालेल्या वन-टनचे ‘पी’ इंजिन भंगारबाजारात अजूनही मिळते. बऱ्याचदा हेडशिवाय, म्हणजे ‘हाफ इंजिन’ म्हणून मिळते आणि तुमचे जुने हेड त्यावर चढवता येते. घेताना ऑइल चेंबरचा आकार, बेलहाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या घंटेसारख्या कवचाची) भोके आणि पुढच्या फाउंडेशनची (इंजिन चेसिसवर बसते त्या टेकूंची) जागा तुमच्या इंजिनाशी ताडून पाहावी, कारण एकाच मालिकेतील इंजिनांमध्येही गाडीनुसार या तीन गोष्टी वेगळ्या असू शकतात. इंजिन क्रमांक स्पष्ट वाचता येणारे आणि ज्याची विक्रीची कागदपत्रे विक्रेता देऊ शकतो असेच इंजिन घ्यावे. क्रमांक घासलेला ब्लॉक कितीही स्वस्त मिळाला तरी हात लावू नये.

आता डिझेलचा पर्याय, ज्याबद्दल तुम्ही मुळात विचारले आहे. तो अशक्य नाही. मी स्वतः काही गाड्यांत तो केलेला आहे आणि त्यांतील काही गाड्या आजही चालत आहेत. पण तो कसा करावा लागतो हे समजून घेतल्यावरच होकार द्यावा.

मेकॅनिकने सुचवलेले टाटा ४०७ चे इंजिन, म्हणजे टाटा ४९७, हे ९७ मिलिमीटर बोअर, १०० मिलिमीटर स्ट्रोक आणि २९५६ सीसीचे चार सिलिंडर इंजिन आहे. आयशर कँटरचे जुने इंजिन १०० बाय १०५, म्हणजे ३२९८ सीसी. स्वराज माझदाचे १०० बाय ११०, म्हणजे सुमारे ३४५५ सीसी. तिन्हींचे सुटे भाग कळंबोलीत आणि भिवंडीत कोणत्याही दुकानात मिळतात आणि डिझेलच्या मार्गाला जाण्याचे तेच सर्वांत प्रामाणिक कारण आहे. या तिघांत मला आयशरचे किंवा माझदाचे अधिक योग्य वाटते, कारण ३९५६ सीसीच्या सहा सिलिंडरनंतर २९५६ सीसीचे टर्बोविरहित इंजिन घाटात फार लवकर गिअर उतरवायला लावते.

पण आधी हिशेब करून पाहावा. पेट्रोल इंजिन रस्त्यावर ३००० फेऱ्यांवर आरामात चालत असेल आणि टायर एका फेरीत अडीच मीटर पुढे जात असेल, तर टॉप गिअरमधील एकूण रिडक्शन पाच (म्हणजे इंजिनाच्या पाच फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी) धरल्यास चाक मिनिटाला ६०० फेऱ्या मारते आणि वेग ताशी ९० किलोमीटर होतो. जुन्या डिझेल इंजिनाला टिकाऊपणे चालवण्याचा टप्पा २४०० ते २५०० फेऱ्यांचा धरला तर तीच गाडी ७२ ते ७५ वर येते. शेताच्या वापराला हे पुरेसे आहे, पण नाशिक महामार्गावर ट्रकच्या मागे राहूनच चालावे लागेल. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गाडीचे रिडक्शन प्रत्यक्ष मोजावे. एक चाक जॅकवर उचलून मोजायला गेलात तर डिफरन्शियलमुळे हिशेब चुकतो, म्हणून गाडी टॉप गिअरमध्ये आणि ट्रान्स्फर केस हायमध्ये ठेवून, प्लग काढून, टायरची एक पूर्ण फेरी होईल एवढी गाडी हाताने ढकलावी आणि क्रँक पुलीच्या फेऱ्या मोजाव्यात. त्यासाठी जाम आधी सुटलेला असावा लागतो, हे वेगळे सांगायला नको.

खरे कौशल्य अडॅप्टर प्लेटचे आहे. नव्या इंजिनाचा मागचा चेहरा आणि जुन्या बेलहाउसिंगचा पुढचा चेहरा जुळत नाही, म्हणून मध्ये १६ ते २० मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट घालावी लागते. ही प्लेट नुसत्या बोल्टच्या भोकांवर जुळवली की काम झाले, असे समजणारे कारागीर पुष्कळ आहेत. बोल्टच्या भोकात नेहमी थोडी ढील असते आणि तेवढ्या ढिलीने गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्रँकच्या मध्यरेषेपासून सरकतो. सुरुवातीच्या काळात माझ्याच हातून अशी एक गाडी गेली होती. प्लेटला डॉवेल पिना (प्लेट अचूक जागी धरणाऱ्या घट्ट खुंट्या) घातल्या नव्हत्या. तीन महिन्यांत क्लचप्लेटच्या हबचे रिव्हेट तुटले, पुढच्या बेअरिंगने आवाज करायला सुरुवात केली, आणि मालक शेतातून भात घेऊन येत असताना गाडी शहापूरजवळ बंद पडली. तेव्हापासून मी क्रँकच्या फ्लँजला डायल गेज बांधून बेलहाउसिंगच्या मधल्या भोकाची पूर्ण फेरी मोजतो. गेजच्या काट्याची एकूण हालचाल ०.२ मिलिमीटरच्या आत आली की मगच दोन डॉवेल पिना रीमरने बसवतो. ज्या कारागिराकडे डायल गेज नाही त्याच्याकडे हे काम देऊ नये.

क्लचचे तीन तुकडे तीन ठिकाणचे असतात. प्रेशर प्लेट इंजिनाची, हबचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टचे आणि रिलीज बेअरिंग जुन्या फोर्कचे. नव्या इंजिनाच्या क्लचप्लेटवर जुन्या हबचे रिव्हेटिंग चांगल्या क्लच दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्यावे. पायलट बेअरिंगसाठी (क्रँकच्या टोकात इनपुट शाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगसाठी) बुश टर्न करावा लागतो. त्याचा बाहेरचा घेरही क्रँकच्या मध्यरेषेशी तपासावा.

चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक १८० अंशांना एक स्फोट होतो, सहा सिलिंडरमध्ये १२० अंशांना. डिझेलचा प्रत्येक धक्का पेट्रोलपेक्षा तीव्र असतो. म्हणजे धक्के कमी आणि प्रत्येक धक्का मोठा. मूळ गाडीचे फाउंडेशन रबर हे सहन करत नाही, आणि ते कडक ठेवले तर केबिनमधील प्रत्येक पत्रा वाजतो. ज्या गाडीतून इंजिन आणाल तिचेच रबर फाउंडेशन आणि ब्रॅकेट बरोबर आणावेत आणि चेसिसवर त्यांच्यासाठी नवे पाय वेल्ड करावेत. वेल्डिंग चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या काठावर न करता उभ्या बाजूवर करावे.

पुढचा अॅक्सल चालता (इंजिनाची ताकद मिळणारा) असल्यामुळे इंजिनाखाली जागा कमी असते. कमानपाटे पूर्ण दबले की डिफरन्शियलचा गोळा वर येतो. इंजिनाचे ऑइल चेंबर त्याच बाजूला खोल असेल तर पहिल्याच खड्ड्यात ते फुटते. पाट्यांना रबर स्टॉपपर्यंत दाबून चेंबर आणि हाउसिंग यांच्यात निदान ५० मिलिमीटर जागा राहते का, हे इंजिन तात्पुरते टांगून तपासावे. जागा नसेल तर चेंबर कापून दुसऱ्या बाजूला वळवावे लागते आणि ऑइल पंपाची जाळीही त्याबरोबर सरकवावी लागते. जाळी तळापासून किती उंच राहिली, हे मोजायला विसरल्याने घाटाच्या उतारावर ऑइल प्रेशर गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

ब्रेकविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तिच्यावर जीव अवलंबून आहे. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. डिझेल इंजिनात हवेला अडवणारा पडदा नसल्यामुळे तो मिळत नाही. तुमच्या गाडीवर कोणी नंतर व्हॅक्यूम बूस्टर (निर्वाताच्या जोरावर ब्रेकला मदत करणारा डबा) बसवलेला असेल आणि त्याची नळी मॅनिफोल्डला जोडलेली असेल, तर डिझेल इंजिनावर तो बूस्टर निरुपयोगी ठरतो आणि पॅडल दगडासारखे कडक होते. अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असलेले इंजिन निवडावे आणि मध्ये साठ्याची टाकी व एकदिशा वाल्व्ह द्यावा. तसेच गाडीची वायरिंग १२ व्होल्टची आहे की २४ ची, हे आधी तपासावे. रेडिओ बसवण्यासाठी बनवलेल्या लष्करी गाड्यांत २४ व्होल्ट असतात. चुकीच्या व्होल्टेजचा सेल्फ आणि अल्टरनेटर आणला तर सगळी वायरिंग पुन्हा करावी लागते.

कागदपत्रांचा भाग मी शेवटी घेतला असला तरी काम सुरू करण्याच्या आधी तोच पाहायचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रावरील, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ अधिक स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए प्रमाणे, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच जातीचे इंजिन बदलणे आणि पेट्रोलचे डिझेल करणे या दोन गोष्टी आरटीओच्या दृष्टीने सारख्या नाहीत. इंधन बदलले की धुराच्या निकषांचा प्रश्न येतो. तुमच्या गाडीची नोंद एमएच-०४ ची असेल तर ठाण्याच्या, एमएच-४३ ची असेल तर नवी मुंबईच्या कार्यालयात लेखी अर्ज करून परवानगी मिळेल का, हे आधी विचारावे. ‘नंतर नोंद करून देतो’ असे तोंडी सांगणाऱ्या मध्यस्थावर विसंबून इंजिन उतरवू नये. अपघात झाला आणि प्रमाणपत्रावर पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल असे निघाले, तर विम्याचा दावा अडकतो.

आणखी एक बाब. जुलै २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या बिगर-व्यावसायिक दुचाकी-चारचाकी वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला असेल तर ती होत नाही. तुमच्या गाडीचे वय त्या उंबरठ्याजवळ असेल, तर मूळ इंजिन राखण्याला हे आणखी एक कारण आहे. अशा गाडीचा रोजचा वापर मात्र त्या नोंदीत चालत नाही, हे लक्षात घेऊन ठरवावे.

इंजिन उतरवण्याचे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू नये. बॉनेट, पुढची जाळी आणि रेडिएटर काढल्यावर दोन टनांची चेन कप्पी आणि मजबूत पोर्टल (कप्पी टांगायची चौकट) लागते. गिअरबॉक्सखाली जॅक देऊन इंजिन सरळ पुढे ओढावे. इनपुट शाफ्टवर इंजिनाचे वजन लटकू देऊ नये. आपल्याकडे खाडीची हवा असल्याने होनिंग केलेला बोअर एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून बोअरिंगच्या दुकानातून ब्लॉक आणला की त्याच संध्याकाळी इंजिन ऑइल चोळून प्लॅस्टिकमध्ये बांधावा. पावसाळ्यात तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

पेट्रोल इंजिन नव्याने बांधून झाले की पहिल्यांदा चालू करताना ते आयडलवर ठेवू नये. या जुन्या रचनेत कॅमशाफ्टच्या टेकडीला आणि टॅपेटला तेल मुख्यतः क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतूनच मिळते, म्हणून ऑइल प्रेशर आल्याबरोबर फेऱ्या १५०० ते २००० ठेवून वीस मिनिटे चालवावे. जस्ताचे प्रमाण चांगले असलेले १५डब्ल्यू-४० डिझेल प्रतीचे ऑइल मी यासाठी वापरतो. थंड झाल्यावर हेडचे बोल्ट क्रमाने पुन्हा आवळावेत, टॅपेटचा गॅप तपासावा, आणि हेच ५०० किलोमीटरनंतर पुन्हा करावे. पहिली फेरी गायमुखच्या चढाची ठेवा. चढ लहान आहे, पण वाहतुकीत अडकून चढावे लागते, त्यामुळे रेडिएटर, फॅन आणि क्लच यांची खरी परीक्षा तिथेच होते. तिथे काटा स्थिर राहिला तर मुरबाडमार्गे माळशेजला रिकामी गाडी घेऊन जा, पायथ्याशी थांबून हाताने चारही हब आणि ट्रान्स्फर केस तपासा, आणि परत आल्यावर ऑइल बदला. काढलेले जुने तेल पांढऱ्या थाळीत ओतून चुंबक फिरवा. बारीक काळी पूड पहिल्या वेळी असतेच, पण चमकणारे कण दिसले तर गाडी लगेच वर्कशॉपला आणा.